अमेरिकेतल्या धर्म आणि कोर्टाच्या बातम्या नागपुरात बसून कशा वाचायच्या

२७ जून २०२२ ची रात्र. जेवणं सुरू होती आणि आमच्या घरच्या ग्रुपवर मामांनी टाकलं की अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने शाळांमध्ये प्रार्थना पुन्हा सुरू केली, आपल्याकडे असं कधी होईल. अर्ध्या तासाने आमच्या अभ्यासिकेच्या ग्रुपवर एका पोराने तीच बातमी टाकली आणि वर लिहिलं की अमेरिका आता ख्रिस्ती राष्ट्र झाली, संविधान संपलं. निकाल एकच होता. दोघांनीही तो वाचला नव्हता आणि दोघं जे बोलून राहिले होते ते त्या निकालात नव्हतंच.

निकालात काय होतं ते आधी सांगते. वॉशिंग्टन राज्य, म्हणजे राजधानीचं वॉशिंग्टन नाही, पश्चिम किनाऱ्यावरचं सिॲटलवालं राज्य, तिथल्या ब्रेमर्टनच्या सरकारी शाळेत जोसेफ केनेडी नावाचा फुटबॉलचा कोच मॅच संपली की मैदानाच्या मधोमध गुडघ्यावर बसून प्रार्थना करायचा. शाळेने थांबायला सांगितलं, तो थांबला नाही, त्याला रजेवर पाठवलं, तो कोर्टात गेला आणि शेवटी ६ विरुद्ध ३ ने जिंकला. कोर्टाचं म्हणणं एवढंच की त्या वेळी तो शाळेचं काम म्हणून नाही तर स्वतःची म्हणून प्रार्थना करत होता आणि त्यासाठी त्याला शिक्षा करता येत नाही. शाळेने वर्गात प्रार्थना घ्यावी असं कोर्ट कुठेच म्हणालं नाही. मामांचा आनंदही चुकीच्या गोष्टीचा आणि त्या पोराची भीतीही चुकीच्या गोष्टीची. (निकालात काळजी करण्यासारखं काही नव्हतं असं मी म्हणत नाहीये, ते पुढे येतं.)

रविवारी सकाळी मी अभ्यासिकेत पोरांना राज्यघटना शिकवते, तिथे हा विषय एवढ्या वेळा निघाला की शेवटी एक पद्धत बसवली आणि आता ती लिहूनच काढते. नागपुरात तर दर दुसऱ्या घरातलं कोणीतरी न्यू जर्सीत नाहीतर टेक्सासमध्ये आहे, तिकडच्या बातम्या आपल्याकडे तासाभरात पोचतात आणि पोचता पोचता त्यांचा अर्थ बदलतो.

सगळ्यात आधी शब्द नीट करून घ्या, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. तिकडे काँग्रेस म्हणजे संसद, पक्ष नाही. आपल्याकडे पब्लिक स्कूल म्हटलं की मोठी फी असलेली खासगी शाळा डोळ्यासमोर येते, तिकडे पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी शाळा, आणि धर्माच्या कितीतरी मोठ्या केसेस या सरकारी शाळांच्याच आहेत, त्यामुळे हा एक शब्द चुकला की सगळी बातमी उलटी कळते. इव्हँजेलिकल म्हणजे सगळे ख्रिश्चन नव्हेत, प्रोटेस्टंटांमधला एक मोठा प्रवाह. त्यातल्या गोऱ्या मतदारांपैकी दहातले साधारण आठ जण ट्रम्प यांना मत देत आलेत, पण बायबल तेवढ्याच श्रद्धेने वाचणारे काळे प्रोटेस्टंट मोठ्या संख्येने डेमोक्रॅटिक पक्षाला मत देतात. मार्टिन ल्यूथर किंग स्वतः बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे पाद्री होते आणि नागरी हक्कांची ती चळवळ मोठ्या प्रमाणात चर्चमधूनच उभी राहिली. तेव्हा राजकारणात धर्म आला म्हणजे उजवेच आले असं तिकडचं धरून चालू नका.

आता पहिला प्रश्न, आणि हा एकच लक्षात राहिला तरी माझं काम झालं: हे कोणी केलं, सरकारने की माणसाने? तिकडच्या पहिल्या घटनादुरुस्तीची, १७९१ ची, सुरुवातच काँग्रेस या शब्दाने होते. काँग्रेस कोणताही धर्म सरकारी करणारा कायदा करणार नाही आणि कोणाला आपला धर्म पाळायला बंदी करणारा कायदाही करणार नाही, पुढे मग बोलायचं, छापायचं, शांतपणे जमायचं आणि सरकारकडे गाऱ्हाणं मांडायचं स्वातंत्र्य. म्हणजे बंधन सरकारवर आहे, शेजाऱ्यावर नाही. सुरुवातीला तर फक्त केंद्र सरकारवर होतं, राज्यं मोकळी होती, मॅसॅच्युसेट्समध्ये १८३३ पर्यंत लोकांच्या करातून चर्च चालायचं आणि ते घटनेच्या विरोधात धरलं जात नव्हतं. १८६८ मध्ये चौदावी घटनादुरुस्ती आली आणि तिच्या आधाराने कोर्टाने १९४० मध्ये धर्म पाळायचं स्वातंत्र्य आणि १९४७ मध्ये सरकारी धर्माची मनाई राज्यांनाही लागू केली. तिथून पुढे प्रत्येक गावचं शाळा बोर्ड या नियमाखाली आलं, म्हणूनच यातल्या बहुतेक प्रसिद्ध केसेस १९४० नंतरच्या आहेत.

हा प्रश्न विचारून १९६२ ची केस बघा. एंगल विरुद्ध व्हिटाली. आपल्याकडे ती नेहमी एकाच वाक्यात येते, अमेरिकेत शाळेत प्रार्थनेवर बंदी आली. घडलं असं की न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने, म्हणजे सरकारने, बावीस इंग्रजी शब्दांची एक प्रार्थना स्वतः लिहिली आणि शाळांनी रोज सकाळी म्हणून घ्यावी असं सुचवलं, ज्याला नको त्याला सूटही होती. काही पालक कोर्टात गेले. कोर्टाने ६ विरुद्ध १ ने सांगितलं की प्रार्थना लिहिणं हे सरकारचं कामच नाही, सूट असली तरी नाही. पोराने डबा उघडताना हात जोडले, परीक्षेआधी मनात देवाचं नाव घेतलं, चार मैत्रिणींनी मधल्या सुट्टीत एकत्र प्रार्थना केली, यातल्या कशावरही तेव्हा बंदी आली नाही आणि आजही नाही. बंदी सरकारच्या हातावर आहे, पोराच्या हातावर नाही. आता परत केनेडीकडे या. सरकारी शाळेचा कोच हा सरकारचा नोकर पण आहे आणि माणूस पण आहे, त्या क्षणी तो दोनपैकी कोण होता यावरच सगळा वाद झाला. केस अवघड होती ती याच्यामुळे, आणि हे कळलं की दोन्ही बाजू शहाण्या माणसांच्या असू शकतात हेही कळतं.

या दुरुस्तीत धर्माच्या बाबतीत दोन अर्धी वाक्यं आहेत आणि ती एकमेकांना ओढतात. एक म्हणतं सरकारने धर्माला पाठिंबा देऊ नये, दुसरं म्हणतं अडवू पण नये. बातमी आली की ती कुठल्या अर्ध्या वाक्याची आहे ते बघायचं. १९४७ च्या एव्हरसन केसमध्ये न्यू जर्सीतल्या पालकांना कॅथलिक शाळेच्या पोरांच्या बसभाड्याचे पैसे सरकारने परत द्यावे की नाही असा प्रश्न होता, कोर्टाने धर्म आणि सरकारमध्ये उंच भिंत आहे असं ठासून लिहिलं आणि त्याच निकालात ५ विरुद्ध ४ ने बसचे पैसे द्यायला हरकत नाही म्हटलं. तेव्हा प्रश्न असायचा, सरकार देऊ शकतं का. २०२२ च्या मेन राज्याच्या केसमध्ये, कार्सन विरुद्ध मेकिन, प्रश्न पूर्ण फिरला: सरकार बाकी खासगी शाळांच्या फीला मदत करून राहिलं तर धार्मिक शाळेला नाही म्हणू शकतं का, आणि कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने सांगितलं, नाही म्हणू शकत. पंचाहत्तर वर्षांत तराजू एका वाक्याकडून दुसऱ्याकडे कसा झुकला ते या दोन केसेस शेजारी ठेवल्या की दिसतं, आणि मला काळजी वाटते ती इथे. केनेडीच्या निकालानेही १९७१ पासूनची लेमन कसोटी, सरकारचा हेतू काय, परिणाम काय, गुंतागुंत किती हे तपासणारी, बाजूला सारली आणि त्या जागी इतिहास आणि परंपरा बघा म्हटलं. परंपरा बघायची म्हटलं की जे मुळात संख्येने जास्त होते त्यांचीच जास्त सापडणार ना.

ही भिंत मुळात कोणाला हवी होती हे पण माहीत असू द्या. भिंत हा शब्द घटनेत नाहीच, तो थॉमस जेफरसन यांच्या १ जानेवारी १८०२ च्या पत्रातला आहे आणि ते पत्र कनेटिकटमधल्या डॅनबरीच्या बाप्टिस्ट लोकांना लिहिलेलं. कनेटिकटमध्ये तेव्हा दुसऱ्याच पंथाचं चर्च सरकारी होतं आणि हे बाप्टिस्ट तिथे अल्पसंख्य, त्यांना भीती होती की आपलं धर्मस्वातंत्र्य हा हक्क नसून सरकारने केलेली मेहेरबानी आहे, कधीही काढून घेतील. म्हणजे भिंत मागणारे देवाला न मानणारे नव्हते, चांगले कट्टर धार्मिक होते. हे मी अभ्यासिकेत सांगितलं की दोन्हीकडची पोरं जरा वेळ गप्प होतात.

आपलं सेक्युलर आणि त्यांचं सेक्युलर एक नाही. आपल्या कलम २५ मध्येच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्याची अट आहे, शिवाय सरकारला सुधारणेसाठी धर्मात हात घालता येतो, मंदिरं सगळ्या जातींना खुली करायचा कायदा करता येतो. हे मुद्दाम आहे, कारण आपल्याकडे धर्माच्या नावाने माणसाला पाण्यापासून लांब ठेवलं जात होतं आणि सरकारने फक्त भिंत बांधून बाजूला उभं राहणं म्हणजे त्या अन्यायाला मोकळं सोडणं झालं असतं. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, अमेरिका त्यांनी जवळून बघितली होती, आणि तरी आपल्या घटनेत धर्मस्वातंत्र्य लिहिलं गेलं ते इथल्या अटींसह. उलट तिकडे सरकारने एखाद्या चर्चचा ट्रस्ट ताब्यात घेऊन चालवणं विचारात पण येत नाही. आणि धर्म बदलायचा तर कोणत्या अधिकाऱ्याला आधी नोटीस द्यायची असला प्रकार तिकडे नाही, आपल्याकडे काही राज्यांत कलेक्टरला कळवावं लागतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी जे केलं ते ज्या गावात घडलं त्या गावच्या माणसाला हा फरक लगेच कळायला पाहिजे.

बोलण्याच्या स्वातंत्र्याचंही तसंच. त्यांच्या पहिल्या घटनादुरुस्तीने १७९१ मध्ये बोलायचं स्वातंत्र्य दिलं, आपल्या पहिल्या घटनादुरुस्तीने १९५१ मध्ये त्यावरची बंधनं वाढवली. आपल्याकडे धार्मिक भावना दुखावल्या तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ आहे, जुनं २९५ अ. तिकडे १९६९ च्या ब्रँडनबर्ग निकालापासून भाषण गुन्हा ठरवायचं तर ते लगेचच्या बेकायदा कृत्यासाठी चिथावणारं आणि तसं घडण्याची खरी शक्यता असलेलं लागतं. १९८९ मध्ये तर राष्ट्रध्वज जाळणं पण अभिव्यक्तीत बसतं असं कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने ठरवलं. म्हणून तिकडे कोणी एखाद्या धर्मग्रंथाची विटंबना केली आणि निव्वळ त्यावरून पोलिसांनी पकडलं नाही तर सरकारचा त्याला पाठिंबा आहे असा अर्थ काढू नका. त्यांच्या कायद्यात तो गुन्हाच नाही, ग्रंथ कोणाचाही असो.

पुढचं, बातमी कुठल्या पायरीवरची आहे ते बघा. गावचं शाळा बोर्ड, राज्याचं विधिमंडळ, राष्ट्राध्यक्षांचा आदेश, खालचं कोर्ट, अपील कोर्ट, सुप्रीम कोर्ट, ही सगळी वेगवेगळी वजनं आहेत आणि हेडिंगमध्ये सगळ्यांना अमेरिकेने असं केलं एवढंच लिहितात. २०२४ मध्ये लुइझियाना राज्याने प्रत्येक सरकारी वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञा लावायचा कायदा केला, लगेच आपल्याकडे बातमी की अमेरिकेत वर्गावर्गात दहा आज्ञा. कायदा झाला आणि तो भिंतीवर लागला यात कोर्टाच्या कितीतरी तारखा असतात, आणि तसाच केंटकीचा कायदा सुप्रीम कोर्टाने १९८० मध्येच रद्द केला होता. राष्ट्राध्यक्षांचा आदेश तर पुढचा राष्ट्राध्यक्ष एका सहीने काढून टाकू शकतो, फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी ख्रिश्चनविरोधी पक्षपात शोधायला टास्क फोर्स नेमायचा आदेश काढला तो या प्रकारातला, कायदा नाही. आणि सुप्रीम कोर्टाने केस ऐकायला नकार दिला म्हणजे खालच्या निकालावर शिक्का मारला असं नसतं, वर्षाला हजारो अर्ज येतात आणि जेमतेम साठ-सत्तर ऐकले जातात. ४-४ बरोबरी झाली तर खालचा निकाल राहतो पण पुढच्यासाठी पायंडा पडत नाही. मे २०२५ मध्ये ओक्लाहोमात सरकारी पैशाने कॅथलिक चार्टर शाळा (खर्च सरकारचा पण कारभार खासगी हातात अशी शाळा) काढायच्या केसमध्ये नेमकं हेच झालं आणि दोन्ही बाजूंचे लोक जिंकलो हरलो म्हणत बसले.

आता प्रत्यक्ष निकाल वाचायचा. घाबरू नका, एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या पोराला हे काहीच जड नाही. सुप्रीम कोर्टाच्या वेबसाइटवर प्रत्येक निकालाची पीडीएफ फुकट मिळते. त्यांचं सत्र ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी सुरू होतं आणि मोठे निकाल बहुतेक जूनच्या शेवटी येतात, तिकडे सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात. पीडीएफच्या सुरुवातीला सिलॅबस नावाचा दोन-चार पानांचा सारांश असतो, तिथून सुरू करा, पण तो निकालाचा भाग नाही असं तिथेच वरती लिहिलेलं असतं, म्हणून वाद घालताना त्यातलं वाक्य वापरू नका. मग कोण कुठल्या बाजूला ते बघा. नऊ जज, तहहयात नेमणूक, राष्ट्राध्यक्ष नाव देतात आणि सिनेट मंजूर करते, आपल्यासारखं ६५ ला निवृत्ती नाही, त्यामुळे एका राष्ट्राध्यक्षाची निवड तीस वर्षं पुरते. मग बहुमताच्या निकालातलं घटना काय घडली ते सांगणारं प्रकरण, आणि त्याच्यानंतर लगेच, मधलं सगळं सोडून, विरोधी मताच्या निकालातलं तेच प्रकरण. ही उडी मारायची सवय लावाच.

केनेडीच्या केसमध्ये ही उडी मारली तेव्हा मला धक्का बसला होता. बहुमतासाठी न्या. गॉरसच यांनी लिहिलं त्यात एक माणूस एकटा शांतपणे प्रार्थना करताना दिसतो. विरोधी मत न्या. सोटोमायोर यांचं, त्यांनी निकालपत्रात चक्क फोटो छापले, कोचच्या भोवती गुडघ्यावर बसलेली पोरं आणि गर्दी. एकाच मैदानाची दोन चित्रं. कायद्याबद्दल वाद नंतर, आधी काय घडलं यावरच नऊ जणांचं एकमत नव्हतं. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला टीममध्ये खेळायला मिळेल की नाही हे ज्या माणसाच्या हातात आहे तो मैदानात प्रार्थनेला बसला तर पोरगं खरंच मोकळेपणाने नाही म्हणू शकतं का, हा प्रश्न मला बहुमताच्या निकालात पुरेसा घेतलेला वाटत नाही. तुम्हाला वेगळं वाटू शकतं, पण दोन्ही वाचून वाटू द्या.

निकाल कुठल्या कारणावर दिला ते पण बघावं लागतं. कोलोरॅडोच्या बेकरीवाल्याने समलिंगी जोडप्याच्या लग्नाचा केक करायला नकार दिला, तो २०१८ मध्ये ७ विरुद्ध २ ने जिंकला आणि सगळीकडे छापून आलं की धर्माच्या नावाने गिऱ्हाइकाला परत पाठवायची मुभा मिळाली. निकालाचं कारण वेगळंच होतं, राज्याच्या आयोगाने सुनावणीत त्याच्या धर्माबद्दल तुच्छतेने बोललं आणि सरकारने निष्पक्ष असायला हवं होतं, मोठा प्रश्न कोर्टाने तेव्हा सोडवलाच नाही. २०२३ मध्ये समलिंगी लग्नांसाठी वेबसाइट बनवायची नसलेल्या एका बाईंची केस आली, ती ६ विरुद्ध ३ ने जिंकली गेली, पण धर्मस्वातंत्र्यावर नाही, बोलण्याच्या स्वातंत्र्यावर. दोन्ही बातम्या एकसारख्या दिसतात, पाया वेगळा.

आता माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची पायरी. बातमीतल्या धर्माचं नाव खोडा आणि तिथे आधी तुमच्या धर्माचं नाव लिहा, मग तुम्हाला जो सगळ्यात कमी आवडतो त्याचं. वहीत खरंच लिहा, मनातल्या मनात केलं की माणूस स्वतःला सूट देतो. तीनही वेळा तुमचं उत्तर तेच राहिलं तर तुमचं मत स्वातंत्र्याबद्दल आहे, बदललं तर ते आपल्या माणसांबद्दल आहे. मामांना मी हे करायला लावलं, कोच ख्रिश्चन होता तिथे मौलवीचा मुलगा लिहा म्हटलं, मैदानात नमाज, भोवती तुमचा नातू बसलेला. मामा पाच मिनिटं काही बोलले नाहीत. अभ्यासिकेतल्या पोराला म्हटलं कोच बौद्ध आहे, मॅचनंतर दोन मिनिटं त्रिशरण म्हणतो, शाळेने काढलं, तू कोणाकडून? तो म्हणाला ताई, मी कोचकडून. मी म्हटलं, मग आता संविधान कुठे संपलं ते सांग.

हे नुसतं घरगुती नाही, कोर्टाचा इतिहास असाच आहे. १९४० मध्ये यहोवाचे साक्षीदार या छोट्या पंथाच्या पोरांनी शाळेत झेंड्याला सलामी द्यायला नकार दिला, त्यांच्या धर्मात देवाशिवाय कोणाला अशी वंदना चालत नाही. कोर्टाने ८ विरुद्ध १ ने त्यांच्या विरोधात निकाल दिला. त्यानंतर देशभर या लोकांवर हल्ले झाले, मेन राज्यातल्या केनेबंकमध्ये त्यांचं सभागृह जाळलं. तीनच वर्षांनी, १४ जून १९४३ ला, बाहेर महायुद्ध पेटलेलं, देशभक्ती शिगेला, आणि दिवस नेमका त्यांच्या झेंड्याचा, त्या दिवशी वेस्ट व्हर्जिनियाच्या बार्नेट केसमध्ये त्याच कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने आपला निकाल फिरवला. न्या. जॅक्सन यांनी लिहिलं त्याचा आशय असा की राजकारण, राष्ट्रवाद, धर्म यांत काय खरं मानायचं हे कोणताही अधिकारी, मोठा असो की छोटा, ठरवून देऊ शकत नाही आणि नागरिकाला ते बोलायला भाग पाडू शकत नाही. याच पंथाची तीन भावंडं १९८५ मध्ये केरळात राष्ट्रगीताला आदराने उभी राहिली पण गायली नाहीत म्हणून शाळेतून काढली गेली आणि १९८६ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने, बिजॉय इमॅन्युएल केसमध्ये, त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. ते निकालपत्र छोटं आहे, भाषा सोपी आहे, न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी लिहिलेलं, आणि त्यात बार्नेटचा निकाल तपासलेला आहे. अमेरिकेच्या केसेस वाचायला सुरुवात करायची तर माझा आग्रह आहे की या जोडीपासून करा.

दुसरं उदाहरण. फ्लोरिडातल्या हायलिआ शहराने सँतेरिया या आफ्रिकी मुळाच्या धर्माच्या लोकांचा पशुबळी बंद करायला नियम केले, पण असे बेतून केले की खाटिकखाने चालू राहतील, शिकार चालू राहील, फक्त यांचा विधी बंद. १९९३ मध्ये नऊच्या नऊ जजांनी ते नियम रद्द केले. बळी मला पटतो का, नाही पटत. पण एकाच समाजाला टिपायला कायदा वाकवला तर तो पुढे कोणालाही टिपू शकतो. आणि १९७७ चं स्कोकी. शिकागोजवळचं हे गाव, हिटलरच्या छळछावण्यांतून वाचलेले कितीतरी ज्यू तिथे राहायचे, आणि तिथेच नाझी गटाला मोर्चा काढायचा होता. त्यांच्या हक्कासाठी अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन, १९२० ची संस्था, कोर्टात उभी राहिली, वकील स्वतः ज्यू, आणि त्यापायी संस्थेचे हजारो सभासद सोडून गेले. केस जिंकली, मोर्चा शेवटी स्कोकीत निघालाच नाही. मी त्या जागी असते तर एवढं धैर्य माझ्यात असतं का हे मी आजही स्वतःला विचारते.

नाव खोडायची ही परीक्षा आपल्या गावाला सगळ्यात जास्त लागू पडते ती जातीच्या कायद्याला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल शहराने भेदभावविरोधी नियमात जात हा शब्द घातला, असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसंच बिल मंजूर केलं पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी व्हेटो वापरला, म्हणाले आधीच्या कायद्यात हे येतंच. नागपुरात ही बातमी दोन प्रकारे वाचली गेली हे वेगळं सांगायला नको, एकीकडे आमच्या धर्माला टार्गेट करून राहिले, दुसरीकडे तिथेही आम्हाला नाकारलं. माझं मत उघड आहे, आडनाव विचारून एखाद्याला टीममधून बाजूला काढलं जात असेल तर त्याला दाद मागायची जागा कायद्यात नावानिशी असावी. पण ज्यांना वाटतं की एकाच समाजाकडे बोट दाखवलं जातंय त्यांनाही वरची फ्लोरिडाची कसोटी लावून बोलता येतं. नियमाचे शब्द काढून बघा, तो सगळ्यांना लागू आहे का एकालाच, आणि मग भांडा. शब्द न बघता भांडू नका.

शेवटी, तुमचं कोणी तिकडे नोकरीला असेल तर हे कामाचं. पहिली घटनादुरुस्ती खासगी कंपनीला लागू नाही हे वर आलंच, मग कंपनी दाढीवर, पगडीवर, हिजाबवर, दसऱ्याच्या सुट्टीवर काहीही करू शकते का? नाही, कारण तिथे १९६४ चा नागरी हक्क कायदा येतो, त्यातलं टायटल सेव्हन, १५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला लागू. धर्मासाठी वाजवी सोय करून द्यावी लागते, अगदीच मोठा भार पडत असेल तरच नाही म्हणता येतं. २०२३ मध्ये रविवारी काम करायला नकार देणाऱ्या टपाल कर्मचाऱ्याच्या केसमध्ये कोर्टाने ९ विरुद्ध ० ने हा भार किती मोठा लागतो ते कर्मचाऱ्याच्या बाजूने स्पष्ट केलं, आणि तो कर्मचारी कट्टर ख्रिश्चन असला तरी फायदा शीख, मुस्लिम, हिंदू, बौद्ध सगळ्यांना. माझ्या चुलत बहिणीच्या मुलीला एका ऑफिसमध्ये दिवाळीची रजा दोन वर्षं नाकारली, बाकीच्यांना ख्रिसमसला विचारावं पण लागत नव्हतं. काय करायचं ते तिने असं सांगितलं: आधी लेखी मागायचं, ईमेलवर, कारण धर्म आहे असं स्पष्ट लिहून, नकार आला तर तोही लेखी घ्यायचा, आणि तारीख लिहून ठेवायची. तक्रार समान रोजगार संधी आयोगाकडे जाते आणि मुदत १८० दिवसांची असते, राज्याची स्वतःची तशी यंत्रणा असेल तर ३०० दिवस, आणि हे दिवस नकार मिळाला त्या तारखेपासून मोजतात. वकिलाला पण ती तारीखच आधी विचारायची असते, म्हणून ती वहीच्या पहिल्या पानावर.